परतीचं तिकीट

परवा ताईचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. भाचा एका सत्राची एक्स्चेंज संपवून पुढच्या आठवड्यात जर्मनीहून परत येतोय आणि ताईने त्याचं तिकीट १४ हजारांनी स्वस्त मिळवलंय. दोनदा विमान बदलायचं, त्यात एका ठिकाणी ११ तास बसून राहायचं. "पण तरुण आहे गं तो, काय होतंय त्याला!"

मी "हो का, छान" म्हटलं आणि फोन ठेवला. ताई, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. फोनवर जे बोलले नाही ते इथे लिहिते. मला हे तिकीट मुळीच पटलेलं नाही.

मी २००८ च्या मार्चमध्ये ट्युबिंगेनहून आले होते. जाताना काय थाट होता! व्हिसाची फाईल, बॅगेचं दहा वेळा वजन, भाजणीचे डबे, विमानतळावर सोडायला नऊ माणसं. परतीचं मात्र एकच ठरलं होतं: सगळ्यात स्वस्त असेल ते. घरीच तर यायचंय, त्यात काय!

पण परतीचा प्रवास विमानात सुरू होत नाही, तो आठवडाभर आधीच सुरू होतो. बँकेचं खातं बंद करा, पालिकेच्या कचेरीत जाऊन 'आता मी इथे राहत नाही' अशी नोंद करून कागद घ्या. वसतिगृहाचा हाउसमाइस्टर खोली बघायला येणार, म्हणून कपाटाच्या डोक्यावरचीसुद्धा धूळ पुसा, नाहीतर अनामत रकमेला कात्री. (त्याने तिथेच बोट फिरवलं, बरं का!) कुकर पुढच्या बॅचच्या मुलीसाठी ठेवला. पलंगाखालच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या, प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट परत मिळायचे, आणि त्या पैशांत शेवटची कॉफी प्यायले. सामानाला मर्यादा २० किलोची. म्हणून दोन स्वेटर आणि वर कोट अंगावरच चढवला.

शेवटच्या रात्री कोणी झोपतं का? पहाटे स्टेशनवर तिघी आल्या होत्या. एक स्पेनची, एक पोलंडची आणि एक तिथलीच. सहा महिने एका स्वयंपाकघरात भांडलो, जेवलो, एकमेकींचे वाढदिवस केले. "भेटूच" असं सगळ्याजणी म्हणालो. गाडी हलली तेव्हा कळलं की एकत्र अशा आम्ही पुन्हा कधीच भेटणार नाही. आणि खरंच भेटलो नाही.

पुढे श्टुटगार्ट, फ्रँकफर्ट, मग आखातातल्या एका विमानतळावर ९ तास. बाकड्याला मधे हात असल्यामुळे आडवं होता येत नव्हतं. तिथे अत्तराच्या दुकानासमोर बसून मी इतकी रडले की एका बाईंनी मला खजूर आणून दिले. भाषा कळत नव्हती. पहाटे मुंबई. बाबा आणि काका सुमो घेऊन आले होते. कऱ्हाडपर्यंत तीनशे किलोमीटर, आणि काकांचे प्रश्न पनवेलपासून खंबाटकीच्या घाटापर्यंत: "मग, तिथेच नोकरी मिळेल का? पगार किती असतात?"

आता खरी गोष्ट. घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. आजी सकाळपासून उंबऱ्याशी बसली होती. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या, ओवाळून टाकायला. मी कोटासकट तिच्या बाजूने आत गेले आणि म्हणाले, "आजी, आता हे नको गं. झोपू दे मला." तिने तो तुकडा तसाच हातात धरला होता, एवढं अजून दिसतं.

रात्री दोनला टक्क जागी झाले. (पूर्वेकडे येणं अंगाला जास्त जड जातं म्हणतात. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठं असतं, त्याला दिवस लांबवणं जमतं, आखडणं जमत नाही.) स्वयंपाकघरात दिवा होता. आजीने काही न बोलता दूधभात कालवला. मग एवढंच विचारलं, "तिथं नदी होती का गं?"

होती. नेकार. खोलीच्या खिडकीतून नाही दिसायची, पण पुलावर गेलं की दिसायची. मी बोलायला लागले ती उजाडेपर्यंत. सहा महिन्यांत मला कोणी असं काही विचारलंच नव्हतं.

आषाढी वारीला जाताना लाखो माणसं असतात. पण पादुका परतही चालतच येतात आणि त्या परतवारीला थोडेच लोक असतात. बाकीचे एकादशी झाली की एसटी पकडतात. एक्स्चेंजचंही तसंच. पाठवताना मार्गदर्शन वर्ग घेतात, छापील सूचना देतात. परत कसं यायचं हे कोणी सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं पोर आपल्याच घरी येतंय, त्याला काय शिकवायचं! पण ते पोर तिथलं एक घर नुकतंच मोडून आलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, १४ हजार म्हणजे काही थोडे नाहीत. मान्य. आमच्या घरी तर तेव्हा नव्हतेच, त्यामुळे बाबांना मी दोष देत नाही. शिवाय थेट विमानाने आले असते तर आजीशी नीट वागले असते याची तरी काय खात्री! पण निदान दोन रात्रींचं जागरण डोळ्यांवर नसतं. तो तुकडा ओवाळून घेण्याइतकं भान असतं.

आजी २०११ मध्ये गेली. ही गोष्ट ती हसत सांगायची, "आमची म्याडम कोट घालून आली होती, मार्चात!" मला कधी हसू आलं नाही.

तर ताई, मुंबईपर्यंत थेट विमान आहे. तिकीट बदलायला किती पडतात ते बघून ठेवलंय, अर्धे माझे. आणि रविवारी जेवायला बोलावलेली ती बारा माणसं पुढच्या रविवारवर ढकल. संध्याकाळी फोन करते, उचल.