चांचणीस आडोसा हवा

मारेगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं गुप्तरोग लपविणें सोपें; त्याची चांचणी लपविणें मात्र कठीण. रांगेंत पुढें शेजारी, मागें सोयरा. रोगी मुकाट्यानें परततो आणि उपदंश पोटांतील मुलापर्यंत पोहोंचतो. पेनिसिलिननें बरा होणाऱ्या रोगानें अर्भक दगावावें, यांत कोणत्या नीतीचें रक्षण झालें? गर्भवतीची चांचणी होते. नवरा मात्र पानठेल्यावर! त्याच्यावर उपचार झाले नाहींत, तर तिला आलेला गुण टिकणार किती दिवस?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं काढलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत असले विषय उघड मांडले, तेव्हां त्यांस कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३४ सालीं त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें. आज कायदा रोग्याच्या बाजूस आहे, पण अर्धाच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. संमतीवांचून चांचणी करण्यास व निकाल फोडण्यास त्यानें सामान्यतः मनाई केली. उपदंश-परम्यास त्याचें कवच नाहीं, ही उणीव आम्हांस वकील या नात्यानें बोंचते. ती दूर होईपर्यंत सरकारी दवाखान्यांत आडोशाची खोली, नांवाऐवजीं नंबर आणि कोणापाशीं तोंड न उघडतां निरोध घेतां येईल अशी पेटी, एवढें तरी तालुक्याच्या लोकप्रतिनिधींनीं मागून घ्यावें.