आधी ऐकून घ्या, मग शिक्षा करा

गेल्या महिन्यात आमच्या आठवीच्या वर्गातले पंख्याचे बटण तुटले. कोणी तोडले, ते कोणी सांगेना. आम्ही मागच्या दोन बाकांवरील सहा मुलांना मधल्या सुट्टीत वर्गातच बसवून ठेवले. दंगा नेहमी तिथूनच होतो, एवढाच आमच्याजवळ पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी मूलभूत हक्कांचा तास होता. कलमांचे आकडे मुले पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून आम्ही गोष्टीपासून सुरुवात केली. फळ्यावर १२१५ लिहिले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा ही सनद घेतली. कायद्याने निवाडा झाल्याशिवाय कोणत्याही स्वतंत्र माणसाला कैद करायची नाही, हे त्यात लिहून घेतले. पण ‘स्वतंत्र’ म्हणजे कोण? जमिनीला बांधलेला कुळवाडी त्यात नव्हता. म्हणजे हक्क कागदावर आला तरी सगळ्यांचा झाला नाही.

मग १९१९ लिहिले. त्याच इंग्लंडच्या सरकारने इथे रौलट कायदा आणला. खटला न चालवता माणसाला डांबून ठेवता येऊ लागले. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ असे लोक त्याला म्हणत. १० एप्रिलला अमृतसरमध्ये डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना पकडून शहराबाहेर नेले. तीन दिवसांनी जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या.

घटना समितीत बसलेल्या अनेकांनी स्वतः तुरुंग पाहिला होता. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचे कलम अपुरे आहे, अशी टीका तिथे झाली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आणखी एक कलम मांडले. आजचे कलम २२ ते हेच. अटकेचे कारण सांगावे, वकिलाला भेटू द्यावे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे, असे ते सांगते. त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा अपवादही आहे, हे आम्ही मुलांपासून लपवले नाही. हक्क कुठे संपतो, हेही नागरिकाला माहीत हवे.

तास संपत आला, तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला. म्हणाला, “सर, काल आम्हाला का बसवलं ते तुम्ही सांगितलंच नाही. आमच्यातले दोघं तर तेव्हा मैदानावर होते.”

वर्ग एकदम गप्प झाला. क्षणभर आम्हाला रागच आला, हे कबूल केले पाहिजे. मग फळ्याकडे लक्ष गेले. सगळे आमच्याच अक्षरात लिहिलेले होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना काजी म्हणून यमनला पाठवले, तेव्हा आपण तरुण आहोत, निवाड्याचा अनुभव नाही, असे ते म्हणाले. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की पहिल्याचे ऐकले तसेच दुसऱ्याचेही ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये. ही हदीस आम्ही किती वेळा ऐकली आहे, मुलांना सांगितलीही आहे. पण अंमल करायची वेळ आली तेव्हा आम्ही चुकलो.

आम्ही सहाही जणांचे ऐकून घेतले आणि वर्गासमोर त्यांची माफी मागितली. बटण कोणी तोडले, ते आजही कळलेले नाही. पण मुले आता एकमेकांवर आळ घेताना थोडी थांबतात. “त्याला विचारलंस का?” असे कोणीतरी म्हणतेच.

आम्हाला वाटते, हा धडा शाळेपेक्षा घरात लवकर मुरतो. कपबशी फुटली की आपण मधल्यालाच ओरडतो, कारण तो ‘तसाच’ आहे. ज्या मुलाचे घरात कधी ऐकले गेले नाही, ते मोठेपणी कचेरीत किंवा ठाण्यात “कारण सांगा, साहेब,” असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि उद्या तेच खुर्चीवर बसले, तर दुसऱ्याचे ऐकून घेईल का?

या महिन्यात एवढे करून पाहा. रागावण्याआधी एकदा विचारा, “काय झालं, तू सांग.” आणि उत्तर पुरते ऐका.