दोष वाऱ्याला, मोकळीक धुळीला



मुंबईची हवा बिघडली की 'वारा पडलाय, त्याला कोण काय करणार?' हे उत्तर दर हिवाळ्यात ठरलेले असते. ते खोटे नाही. थंडीत रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार पडते, वरची उबदार राहते आणि खालचा धूर खालीच कोंडतो. मतलई वारे शहराची घाण समुद्रावर नेतात. खारे वारे उशिरा आणि मंद सुटले की घाण शहरावरच साचून राहते. २०२२-२३च्या हिवाळ्यात मुंबईचा हवा गुणवत्ता निर्देशांक काही दिवस दिल्लीच्याही वर गेला, तेव्हा अभ्यासकांनी सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनाकडे बोट दाखवले होते. जानेवारी २०२२मध्ये तर वायव्येकडून आलेल्या धुळीच्या वादळाने शहर झाकोळले. पण अशी वादळे एक-दोन दिवसांत सरतात. एरवी पडलेला वारा फक्त कोंडतो. कोंडायला काय आहे, हे आपणच ठरवतो. बांधकामावरून निघालेल्या डंपरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर सुकतो, दिवसभर वाहनांखाली त्याचे पीठ होते आणि तेच श्वासात जाते. यावर टायर धुणे, ताडपत्री, ३५ फुटी पत्रे असे उपाय मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्येच नेमून दिले आहेत. त्यांची अंमलबजावणी वाऱ्यावर अवलंबून नाही.

धूळ निदान डोळ्यांना दिसते. माहुलच्या रिफायनऱ्या, ट्रॉम्बेचे कोळशावरचे वीजकेंद्र, तळोज्याचे कारखाने आणि ट्रकचा धूर यांतून निघणारे गंधक व नायट्रोजनचे वायू हवेतच सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात. त्यामुळे मुंबई, ठाणे, भिवंडी, पनवेल अशा हद्दी आखून प्रत्येकाने आपापले पाणी फवारणे व्यर्थ आहे. सगळ्या महामुंबईचा आराखडा एकच हवा.

हवा बिघडल्यावर बांधकामे थांबवली तर मजुरांची हजेरी बुडते, हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून चालणार नाही. पण ती बुडते ती आपण उशिरा जागे होतो म्हणून. डिसेंबर २०२४मध्ये भायखळा आणि बोरिवली पूर्वेतील बांधकामे थांबवली गेली, ती निर्देशांक दोनशेपार गेल्यावर. वारा पडणार हे दोन-तीन दिवस आधी सांगता येते. पुण्याची उष्णकटिबंधीय हवामान संस्था दिल्लीसाठी असा इशारा देतेच. तो मिळताच फक्त खोदकाम, पाडकाम आणि राडारोड्याची वाहतूक रोखावी, इमारतीच्या आतली कामे चालू ठेवावीत, आणि बुडालेली मजुरी विकासकाने भरावी. शिवाय पावसाळ्यात निर्देशांक आपोआप सुधारतो, त्याचे श्रेय प्रशासनाला देता येत नाही. म्हणून निर्देशांकाच्या जोडीला कोणत्या स्रोतातून किती उत्सर्जन घटले, याचा प्रभागवार हिशेब महापालिकांनी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने दर सप्टेंबरअखेर, म्हणजे वारा पडण्याआधी, लोकांसमोर मांडावा.

– एक वाचक, ठाणे