टॅब कपाटात, वाचन वाऱ्यावर

बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी रंगवलेली शिंगे पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. आणि बैल औताला हवा की गाडीला, हे घरून निघतानाच ठरलेले असते. हा शहाणपणा आपल्या गावात पिढ्यानपिढ्या आहे. मग वाचनालयासाठी किंवा शाळेसाठी टॅब घेताना तेच गाव हा शहाणपणा घरी का ठेवून येते?

मार्चअखेर जवळ आली की निधी खर्ची टाकायची घाई सुटते. ठराव होतो, दरपत्रके येतात, टॅब येतात, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होते, फोटो निघतो. पुढे काय? पुढे ते 'सुरक्षित राहावेत' म्हणून कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली कुणाच्या तरी खिशात जाते. सहा महिन्यांनी कपाट उघडावे तर बॅटरी गेलेली. पैसा गावाचा गेला, वाचन मात्र कुणाचेच झाले नाही. प्रत्येक गावात असेच घडते असे आमचे म्हणणे नाही. पण जिथे घडते तिथे सगळा दोष यंत्राच्या माथी मारून चालणार नाही. वाचायचे काय, कशावर, आणि सांभाळणार कोण, हे तीन प्रश्न खरेदीआधी कुणी विचारलेलेच नसतात.

देशाने हा धडा एकदा घेतलेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा सात इंची स्वस्त टॅब आणला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून मोठा गाजावाजा झाला. पण बोट जोराने दाबल्याशिवाय पडदा दाद देईना, यंत्र मंद चाले, बॅटरी लवकर उतरे. पुढच्याच वर्षी सुधारलेला 'आकाश-२' आणावा लागला. आधी किंमत पाहिली आणि उपयोगाचे नंतर बघू म्हटले, की असे होते.

तेव्हा वाचकहो, पहिला प्रश्न पहिला घ्या. वाचायचे काय? 'मराठीत आहेच काय?' असे म्हणणाऱ्यांनी जरा शोधून पाहावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके इंटरनेटवर फुकट मिळतात. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, त्याचे वीसही खंड, फुकट वाचता येतो. कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक आहे, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका आहेत. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेला 'शेतकऱ्याचा असूड' आज कुणालाही मोबाईलवर उघडता येतो. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या पुस्तकावर हक्क राहतो, त्यानंतर ते सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१० संपले तेव्हा त्यांची पुस्तके खुली झाली. मात्र व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ ही चोरी आहे. सार्वजनिक वाचनालयाने ती ठेवू नये. लेखकाच्याही घरी चूल पेटायची असते.

काय वाचायचे याची यादी झाली, की दुसरा प्रश्न सोपा होतो: ते कशावर वाचायचे? यंत्रे तीन प्रकारची आहेत, आणि तिन्हींचे काम वेगळे आहे.

एक, नुसते वाचायचे यंत्र, म्हणजे ई-रीडर. किंडल हे त्यातले प्रसिद्ध नाव. ते २००७ साली अमेरिकेत निघाले आणि २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तकेही विकत मिळू लागली. त्याचा पडदा कागदासारखा असतो, टीव्हीसारखा उजेड डोळ्यांवर फेकत नाही. त्यामुळे भर उन्हात बांधावर बसूनही अक्षर दिसते. एकदा चार्ज केले आणि रोज अर्धा-एक तास वाचले, तर काही आठवडे चालते. वीज जाते-येते अशा गावाला हा मोठा गुण. पण बहुतेक ई-रीडर काळे-पांढरेच असतात. डाळिंबावरचा डाग तेल्याचा की आणखी कशाचा, हे काळ्या-पांढऱ्या चित्रावरून कसे ओळखणार? कथा-कादंबऱ्या, चरित्रे सलग वाचणाऱ्यासाठी मात्र हे यंत्र उत्तम.

दोन, टॅब. रंगीत, मोठा पडदा, चित्रफीतही दिसते. पाठ्यपुस्तके आणि कृषी पुस्तिका बहुधा पीडीएफ स्वरूपात असतात. पीडीएफ म्हणजे छापील पान जसेच्या तसे. अक्षर मोठे करायला जावे तर पान पडद्याबाहेर पळते. म्हणून तिच्यासाठी दहा इंचाच्या आसपास पडदा हवा, सहा-सात इंचांवर डोळे फुटतात. ईपब नावाचा दुसरा प्रकार असतो. त्यातला मजकूर पाटाच्या पाण्यासारखा, वाफा लहान असो की मोठा, त्यात बरोबर बसतो. अक्षर हवे तेवढे मोठे करा, ओळी आपोआप जुळतात. कुठले पुस्तक कुठल्या प्रकारात मिळते ते आधी पाहा आणि मग पडद्याचे माप ठरवा.

तीन, खिशातला मोबाईल. शेतकरी बंधूंनो, ज्याला हवामानाचा अंदाज, फवारणीचा सल्ला, एखादे परिपत्रक एवढेच वाचायचे आहे, त्याने वेगळे काही विकत घ्यायची गरज नाही. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठे करा. बऱ्याच फोनमध्ये मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोयही असते. ज्यांची नजर कमी झाली आहे किंवा शाळा लवकर सुटली, त्यांना नातवाने ती सुरू करून द्यावी. मराठी पुस्तके ऐकवणारी ॲप आहेत, त्यांचे बहुधा पैसे पडतात. पण मोट गेली तरी गाणे ऐकायचा कान गेलेला नाही, एवढे लक्षात असू द्या.

कुठलेही यंत्र घ्या, दुकानातच मराठी पान उघडून पाहा. 'क्ष', 'ज्ञ', 'ऱ्य' ही जोडाक्षरे नीट उमटतात का? जुन्या फाँटमधला मजकूर काही ठिकाणी अगम्य खुणा होऊन दिसतो. त्याच्याशी गावाला करायचे काय?

इथे सरपंच आणि वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. कागदी पुस्तक विकत घेतले की ते वाचनालयाचे होते. पडद्यावरच्या पुस्तकाचे तसे नसते. पुष्कळ ठिकाणी आपण पुस्तक घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे, पण लोकांच्या हातातले पुस्तक गेले ते गेलेच. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पैसे परत मिळाले आणि पुस्तके नाहीशी झाली. म्हणून सार्वजनिक पैशातून पुस्तके घेताना ती वाचनालयाला सभासदांना देता येतात का, किती यंत्रांवर चालतात, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आणि पडद्याच्या नादाने कागदी पुस्तकांची खरेदी थांबवू नका. बॅटरी नसलेले पुस्तक कधी बंद पडत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. सांभाळणार कोण? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेले वाचनालय अ वर्गाचे असो की ड वर्गाचे, तिथे देवघेवीची नोंदवही असतेच. टॅबही त्याच वहीत चढवा. कुणी नेला, कधी आणला, सही कुणाची. यंत्राचे खाते आणि पासवर्ड सरपंचांच्या किंवा गुरुजींच्या खाजगी नंबरवर ठेवू नका. निवडणूक झाली, बदली झाली, की पासवर्डही गावाबाहेर जातो. बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवली तर ती मरते. ठेवायचेच असेल तर अर्धी भरून ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. दुरुस्ती केंद्र तालुक्याला आहे की मुंबईला, हे बिल फाडण्याआधी विचारा. ग्रामपंचायतीत इंटरनेट चालत असेल तर पुस्तके तिथे एकदा उतरवून घ्या. मग वस्तीवर रेंज नसली तरी वाचता येते.

आणि एक सावधगिरी. 'फुकट पुस्तके', 'पीएम किसानची यादी' असे सांगून व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाईल आली, तर तिला हातही लावू नका. अशा फाईली बँकेतला पैसा काढून नेतात. ॲप फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्या.

ग्रामसेवक हे पद आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण गावाची अपेक्षा तीच आहे. हिशेब कागदावर आणि वस्तू वापरात. म्हणून आमची सूचना साधी आहे. एकदम वीस टॅब घेऊ नका. आधी दोन घ्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, बचत गटातल्या बाया, फळबाग करणारे शेतकरी यांना तीन महिने वापरू द्या. नोंदवहीत नावे पडली तर पुढचे घ्या. पाने कोरी राहिली तर तो पैसा पुस्तकांना, नाहीतर वाचनालयाच्या गळक्या छपराला लावा.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. यातली जी ग्रामसभा जवळ असेल तिला जा. तिथे टॅबचा विषय निघाला तर नुसता हात वर करून येऊ नका. वाचायचे काय, कशावर, आणि किल्ली कुणाकडे, हे तीन प्रश्न उभे राहून विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पैसा तुमचा आहे, आणि वाचायचे आहे ते तुमच्याच मुलांना.