घरावरचा बोजा आणि रोजचे पन्नास रुपये

एक काळ असा होता कीं, कर्ज काढून घर बांधणाऱ्याची गांवांत चर्चा होत असे. आज कर्ज न काढतां घर बांधणारा विरळा. सुतार, गवंडी, शिंपी, लेथवरचा कामगार, दोन एकर बागायतीचा शेतकरी, कोणाच्याही घरीं पहा. मुलाचें लग्न होऊन वर्ष लोटतें न लोटतें तोंच नवराबायको दोघें बँकेच्या दारांत उभीं. यांत आम्हांस वावगें कांहींच दिसत नाहीं. दुसऱ्याच्या खोलींत पंधरा वर्षें भाडें भरीत बसण्यापेक्षां स्वतःच्या चार भिंती उभ्या कराव्या, हें चांगलेंच. आमची तक्रार निराळी आहे. कर्ज घेतांना हीं जोडपीं एकच प्रश्न विचारतात, "हप्ता किती?" हप्ता कमाईंत बसतो असें दिसलें कीं सही ठोकली. मुद्दल कधीं उतरणार, हें विचारणारा क्वचितच भेटतो. आणि कर्ज देणारा तें आपण होऊन कशाला सांगेल?

आम्ही हिशेबच मांडून दाखवितों. समजा, एका तरुण जोडप्यानें १० लाख रुपये, दरसाल ९ टक्के व्याजानें, २० वर्षांच्या मुदतीनें घेतले. नवरा फर्निचरच्या कारखान्यांत सुतारकाम करतो, बायको घरीं शिवणयंत्र चालविते. त्यांचा हप्ता होतो दरमहा ८,९९७ रुपये. पहिल्या हप्त्यांतले ७,५०० रुपये व्याजांत जातात आणि मुद्दलांतून उतरतात अवघे १,४९७. पहिलें वर्ष संपतें तेव्हां भरलेले असतात सुमारें १ लाख ८ हजार, आणि कर्ज कमी झालेलें असतें १८ हजार ७०० रुपयांच्या आसपास. पांच वर्षें घाम गाळून ५ लाख ४० हजारांच्या घरांत रक्कम भरावी, आणि खातें उघडून पहावें तों ८ लाख ८७ हजारांचें देणें उभेंच! वीस वर्षांनीं हिशेब मिटतो तेव्हां दहा लाखांपायीं २१ लाख ५९ हजार गेलेले असतात. व्याज मुद्दलाहून मोठें झालें.

येथें एखादा जाणता म्हणेल कीं, आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता, तो कोठें गेला? त्या नियमाचा अर्थ असा होता कीं, सावकारानें एका वेळीं मागावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये. हप्त्यांच्या कर्जांत व्याज तुंबतच नाहीं; तें महिन्याच्या महिन्यास काढून घेतलें जातें, आणि म्हणून तो नियम त्यास कधीं शिवलाच नसता. बँकेवर दांतओठ खाऊन उपयोग नाहीं. ही लबाडी नव्हे, अंकगणित आहे. त्या महिन्यांत जेवढें मुद्दल उभें असेल तेवढ्यावर व्याज, एवढाच तो हिशेब. कर्ज देणाऱ्यास तो वीस वर्षें फायद्याचा. परंतु कर्जदारानें ठरविलें तर तोच हिशेब त्याच्याही कामास येतो. मुद्दल आधीं उतरविलें कीं पुढच्या प्रत्येक महिन्याचें व्याज आपोआप उतरतें.

आतां त्याच जोडप्यानें रोजचे ५० रुपये बाजूला टाकले, म्हणजे महिन्याचे दीड हजार, आणि ते पहिल्या महिन्यापासून हप्त्याबरोबर मुद्दलांत भरले तर काय होतें? वीस वर्षांचें कर्ज चौदा वर्षांत फिटतें. चौदा वर्षांत जादा भरले सुमारें अडीच लाख. व्याज वांचलें सुमारें चार लाख. आणि शेवटचीं सहा वर्षें, म्हणजे मुलें हायस्कुलांत किंवा कॉलेजांत जाण्याच्या वयाचीं होतात नेमकीं तीं वर्षें, हप्ता नाहीं.

"पोरें जरा मोठीं होऊं द्या, हात मोकळा झाला कीं भरूं," असें पुष्कळ जण म्हणतात. येथेंच घोटाळा आहे. वर सांगितलेल्या कर्जांत पहिल्या हप्त्याबरोबर जादा भरलेला एक हजार रुपया शेवटच्या हप्त्यांतून जवळजवळ सहा हजार उडवितो. तोच हजार पंधरावें वर्ष सरतांना भरला तर शेवटीं दीड हजाराहून किंचित् अधिक काय तो उडेल. रुपया तोच, पण पेरणीची वेळ गेली. मृगाचा पेरा आणि उशिराचा पेरा यांतला फरक शेतकऱ्यास आम्हीं काय सांगावा?

मग हे पन्नास रुपये आणावयाचे कोठून? या ठिकाणीं उपदेशकांचा सुकाळ आहे. चहा सोडा, हें सोडा, तें सोडा. आम्हांस हा उपदेश आवडत नाहीं. दिवसभर रंधा मारणाऱ्यानें दोन कप चहा घेतला म्हणून त्याचें घर बुडत नाहीं. घर बुडतें तें दुसऱ्याच्या डोळ्यांसाठीं केलेल्या खर्चानें आणि न दिसणाऱ्या गळतीनें. जुना मोबाईल चालतो आहे, तरी हप्त्यानें नवा घेतला. एक गाडी दारांत असतां शेजाऱ्यानें घेतली म्हणून दुसरी आणली. पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकांत लावला. गुटख्याची पुडी खिशांत आहेच. यांतली एखादी गोष्ट सोडली तरी पन्नास रुपये सुटतात, आणि पोटास चिमटा बसत नाहीं. घरचा डबा नेणें, सुगीच्या भावानें ज्वारी-तुरीची वर्षाची बेगमी करणें, मोडलेलें अवजार फेकण्याआधीं तें दुरुस्त होतें कां पाहणें, हें आपल्या आयाबायांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलेलें आहे. त्यास आज काटकसर असें भारदस्त नांव मिळालें इतकेंच.

घर बांधून झालें कीं वास्तुशांतीचें जेवण येतें. दोनशें पानें, मंडप, दक्षिणा, आहेर, आणि शेवटीं हातउसने पन्नास हजार. ज्या घराची एक वीटही अजून आपली झालेली नाहीं, त्याच्या शांतीसाठीं नवें देणें करावयाचें, ही कोणती शांति? सत्यशोधक समाजानें १८७३ सालीं पहिलें लग्न लाविलें तें पुरोहितावांचून व अल्प खर्चांत. त्या वधूवरांचें कांहीं अडलें नाहीं. चार शेजारी बोलावून चहा-पोह्यावर नव्या घरांत पाऊल टाकावें आणि वांचलेले पन्नास हजार पहिल्याच वर्षीं मुद्दलांत टाकावे.

एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्ट सांगतों. काटकसर म्हटली कीं ती बहुतेक घरांत सुनेच्या ताटापासून सुरू होते. नवऱ्याची पुडी चालू, सासऱ्याचा मान चालू, आणि दूध बंद होतें तें तिचें. डॉक्टरकडे जाणें टळतें तें तिचें. अशी काटकसर आम्हांस मान्य नाहीं. अशक्त बाई आजारी पडली कीं दवाखान्याचें एकच बिल चौदा वर्षांची शिल्लक गिळतें, हें एक; आणि तें गिळलें नाहीं तरी माणसाच्या रक्तावर भिंती उभ्या करणें नीतीचें नाहीं, हें दुसरें. खर्चाची वही दोघांनीं मिळून लिहावी. तिच्या शिवणयंत्राचा पैसा मुद्दलांत जात असेल तर घराच्या कागदावर तिचें नांव असलेंच पाहिजे. नसेल तर आधीं तें लावावें, मग जादा पैसे भरावे.

शेतकऱ्यास दरमहा दीड हजार काढणें जमणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. त्याचा पैसा महिन्यानें येत नाहीं, सुगीनें येतो. त्यानें महिन्याचा हट्ट धरूं नये. उसाचें बिल आलें, सोयाबीन विकलें, कीं त्यांतला एक वाटा त्याच आठवड्यांत मुद्दलांत टाकावा. बचत खात्यांत रक्कम नुसती पडली तर तिला तीन टक्केही मिळण्याची मारामार, आणि घरकर्ज नऊ टक्क्यांनीं पोखरीत असतें. परंतु सगळी शिल्लकही भरून मोकळें होऊं नये. चार-सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ते हाताशीं राहिले पाहिजेत. बैल मेला, हात यंत्रांत सांपडला, पाऊस गेला, तर मुद्दलांत भरलेला पैसा परत मागतां येत नाहीं.

तसेंच कोणतें कर्ज आधीं फेडावें याचा विचार असावा. गटाचें किंवा खाजगी कंपनीचें वीस-बावीस टक्क्यांचें कर्ज डोक्यावर ठेवून नऊ टक्क्यांचें घरकर्ज आधीं फेडणें म्हणजे विंचवास मारून सापास दूध पाजणें होय. महागडें आधीं जावें. उलट पीककर्ज वेळेवर फेडलें तर केंद्राच्या व्याजसवलतीमुळें चार टक्क्यांनीं पडतें. त्याची मुदत चुकवूं नये, पण तें मुदतीआधीं फेडण्याची घाई नको. घरकर्जाच्या व्याजावर आयकरांत सूट मिळते म्हणून तें लवकर फेडूं नये, असें सांगणारे शहाणेही भेटतील. ज्यास आयकर भरावाच लागत नाहीं, त्यानें त्या सुटीचें काय लोणचें घालावें?

आतां कायद्याकडे वळूं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि रोखे व खतें बाहेर काढून जाळलीं. पुढें तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. त्या लोकांचा राग मुख्यतः कागदावर होता. कारण त्या कागदावर काय लिहिलें आहे, किती फिटलें, किती राहिलें, हें त्यांस कोणी सांगत नसे. त्या बंडामुळें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, आणि त्यांत शेतकरी ऋणकोस पैसे भरल्याची पावती व दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें हप्त्यांच्या बदलत्या व्याजाच्या कर्जांसाठीं जो हुकूम काढला, त्यांत तोच हक्क नव्या रूपानें आहे. दर तिमाहीस कर्जदारास उतारा मिळाला पाहिजे, व त्यांत आजवर मुद्दल किती, व्याज किती वसूल झालें, हप्ता किती, हप्ते किती राहिले आणि व्याजाचा दर किती, हें लिहिलेलें असलें पाहिजे. ज्यासाठीं आपल्या पूर्वजांनीं खटले सोसले व तुरुंग पाहिला, तो उतारा आज मोबाईलवर येऊन पडतो, आणि आपण तो उघडीतही नाहीं!

तो न उघडण्याचा परिणाम पहा. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, आणि त्याच्याशीं बांधलेलीं घरकर्जें महागलीं. ज्यानें थोड्याच दिवसांपूर्वीं दहा लाख ७ टक्क्यांनीं वीस वर्षांसाठीं घेतले होते, त्याचा हप्ता ७,७५३ रुपये. दर साडेनऊवर गेला तर महिन्याचें व्याजच ७,९१७ रुपये. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल उतरण्याऐवजीं चढूं लागेल. त्या काळांत किती तरी जणांच्या मुदती लांबल्या आणि हप्ता तोच दिसल्यामुळें त्यांस पत्ताही लागला नाहीं. आतां दर बदलला तर हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी, कीं थोडें थोडें दोन्ही करावें, हें निवडण्याची संधि कर्जदारास दिली पाहिजे, असें त्याच हुकुमांत आहे. झेपत असेल तर हप्ता वाढवा. २०२५ सालीं दर ६.५० वरून ५.२५ पर्यंत उतरला. दर उतरला म्हणून हप्ता कमी करून घेऊं नये, जुनाच भरीत रहावा. फरकाचा प्रत्येक रुपया मुद्दलांत जातो, आणि त्यासाठीं निराळी काटकसर लागत नाहीं.

जादा रक्कम भरल्यास दंड पडेल, या भीतीनें कांहीं जण थांबतात. बदलत्या व्याजाच्या, ज्यास बँकवाले फ्लोटिंग म्हणतात त्या घरकर्जावर असा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेनें बँकांना २०१२ सालींच मनाई केली. कायम दराच्या कर्जाची गोष्ट निराळी. त्याचा करार वाचून पहावा. पैसे भरतांना मात्र लेखी अर्ज द्यावा: "जादा रक्कम मुद्दलांत जमा करावी, हप्ता आहे तोच ठेवावा, मुदत कमी करावी." असें लिहून दिलें नाहीं तर रक्कम पुढच्या हप्त्यांपोटीं ठेवली जाण्याचा, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला जाण्याचा संभव असतो. पावती घ्यावी, आणि पुढच्या उताऱ्यांत मुद्दल खरेंच उतरलें कां तें ताडून पहावें.

हें सारें आम्ही इतक्या तपशीलानें लिहितों याचें कारण २००२ चा सरफेसी कायदा होय. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला कीं खातें बुडीत गणलें जातें, पुढें साठ दिवसांची नोटीस, आणि तीही मुदत गेली कीं कर्ज देणाऱ्यास आधीं दिवाणी कोर्टांत दावा न लावतां घराचा ताबा घेण्याची वाट मोकळी होते. शेतजमिनीस हा कायदा लागू नाहीं. राहत्या घरास आहे. चौदा वर्षांत बाहेर पडणाऱ्या जोडप्यावर ही तलवार सहा वर्षें कमी लटकते. हातावर पोट असणाऱ्यांस चार लाखांइतकेंच, किंबहुना अधिक, मोल आम्ही या सहा वर्षांचें समजतों.

शेवटचा हप्ता भरल्यावर घरीं जाऊन पेढे वाटावे, पण काम संपलें असें समजूं नये. कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा. सप्टेंबर २०२३ च्या हुकुमाप्रमाणें घराचे मूळ कागद ३० दिवसांच्या आंत परत मिळाले पाहिजेत. कर्ज देणाऱ्याच्या चुकीनें उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये त्यानें कर्जदारास द्यावयाचे आहेत. कर्ज घेतांना कोणकोणते कागद दिले त्याची यादी तेव्हांच करून पेटींत ठेवलेली असावी, आणि कागद घेतांना दोघांनीं जाऊन ती यादी समोर धरून एकेक पान मोजून घ्यावें. मग तलाठ्याकडे, ग्रामपंचायतींत किंवा नगरभूमापन कार्यालयांत, जेथें नोंद असेल तेथें, अर्ज देऊन मिळकतीवरचा बोजा कमी करून घ्यावा आणि बोजा नसलेला नवा उतारा हातीं आल्यावरच परतावें.