ऐच्छिक विषय

आधीच सांगून टाकते. मी माझे कपडे काढले नाहीत! हे मासिक रेक्टर मॅडम वाचतात आणि त्याचा एक अंक आमच्या घरीही जातो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. आता पुढचं निवांत वाचा.

दुसरी गोष्ट. मी केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते. तेव्हा मराठीत कुठे गडबड झाली तर सांभाळून घ्या. आमच्या शाळेत महिन्यातून एकदा गुडघ्यांवर बसवून स्कर्ट जमिनीला टेकतो की नाही हे बघायचे. शरीर म्हणजे लपवायची गोष्ट, हे मी ए, बी, सी, डी बरोबरच शिकले.

तर सेकंड इयरनंतरच्या सुट्टीत मी आठ आठवडे जर्मनीत, म्युनिकला, एका हायड्रॉलिक्स लॅबमध्ये इंटर्नशिपला होते. आपल्याच कॉलेजचा मेकॅनिकलचा एक मुलगाही सोबत होता. म्युनिकमधून इझार नावाची नदी वाहते. ती आल्प्समध्ये उगम पावते आणि सुमारे २९० किलोमीटर वाहून डॅन्यूबला मिळते. एका शनिवारी लॅबमधल्या दोघी म्हणाल्या, चला, लांब नदीवर जाऊ. मग एकीने अगदी सहज विचारलं, "तिथे काही लोक कपडे न घालता पोहतात. तुम्हाला चालेल ना? नसेल तर दुसरीकडे जाऊ."

मी "नो प्रॉब्लेम" म्हटलं. प्रॉब्लेम अर्थातच होता. शेजारचा मेकॅनिकल तर तिथूनच खिदळायला लागला होता.

एस-सेव्हन लोकलचं शेवटचं स्टेशन वोल्फ्राट्सहाउझन. म्युनिकच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटर. तिथून पुढे पायी. गाव मागे पडलं, पूल ओलांडला आणि झाडीतली पायवाट सुरू झाली. या भागाला पुप्लिंगर आउ म्हणतात. नदी इथे एका पात्रातून वाहत नाही. पांढऱ्या गोट्यांच्या बेटांमधून तिचे फाटे फुटतात, परत एकत्र येतात. सिव्हिलवाल्यांनी पुस्तकात 'ब्रेडेड रिव्हर' वाचलंय ना? तेच, पण खरंखुरं आणि हिरवंनिळं. वाटेत एक पाटी होती. मला वाटलं कपड्यांबद्दल असेल. निघाली पक्ष्यांबद्दल. विणीच्या दिवसांत गोट्यांच्या बेटांवर जाऊ नका, तिथे अंडी असतात!

आणि मग ती जागा आली. पहिली दहा मिनिटं मी फक्त आकाशाकडे बघत होते. मान दुखायला लागल्यावर खाली बघितलं. काय होतं तिथे? एक आजोबा पेपर वाचत होते. एक बाबा आपल्या छोट्या मुलीबरोबर गोट्यांचं धरण बांधत होते (डिझाईन चुकीचं होतं, फुटलंच). एका बाईंच्या पोटावर ऑपरेशनचा लांब व्रण होता. सुटलेली पोटं, सुरकुत्या, लोंबणारी कातडी... जाहिरातीतलं एकही शरीर नाही. पोहण्याचे कपडे घातलेलेही बरेच होते. मी ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात सोडले. पाणी असं गार की हाडापर्यंत कळ गेली. कोणी मला म्हणालं नाही, "काढ की, लाजतेस काय?" आणि कोणी म्हणालं नाही, "शी, ही बघा." शेजारच्या आजींनी चेरी दिल्या. खाताना त्यांच्या अंगावर कपडे नाहीत हे मी विसरूनही गेले होते.

आणि आमचा मेकॅनिकल? अर्ध्या तासाने तो पाण्यावर चपटे दगड उडवत होता. खिदळणं बंद.

जर्मनीत या प्रकाराला 'फ्रायक्योर्परकुल्टूर' म्हणतात, म्हणजे मोकळ्या शरीराची संस्कृती. याचा पहिला क्लब १८९८ मध्ये एसेन शहरात निघाला असं मानतात. म्युनिकच्या नगरपालिकेने २०१४ मध्ये शहरात अशा सहा जागा अधिकृतपणे ठरवून दिल्या. म्हणजे हा काही चोरटा कारभार नाही. वादही होतात. २०१९ मध्ये इझारच्या काठावर काही बायकांना गार्डनी छाती झाका म्हणून सांगितलं, त्यावर गदारोळ झाला आणि शहराने नियमच बदलला. पण काठावर काही नियम सगळे पाळतात. टक लावून बघायचं नाही. फोटो काढायचा नाही. जागा मोकळी असताना कोणाला खेटून बसायचं नाही.

फोनवर मी हे आईला सांगितलं नाही. आजीला सांगितलं. आजी वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. वाटलं, रामराम म्हणत फोन ठेवेल. तिने दोनच प्रश्न विचारले.

"पाणी स्वच्छ होतं का गं?"

"हो आजी. वरच्या गावांतलं सांडपाणी शुद्ध करून उन्हाळ्यात त्यावर अतिनील किरण सोडतात, जंतू मरावेत म्हणून."

"आणि बाप्ये बघत होते का?"

"नाही."

"मग झालं तर."

मग तिने सांगितलं. त्यांच्या वेळी बायका घाटावर लुगड्यातच आंघोळ करायच्या आणि ओलं सोडून कोरडं नेसायच्या, सगळ्यांसमोर. बायकांच्या घाटावर पुरुष फिरकायचे नाहीत. जावंच लागलं तर मान खाली घालून जायचे. म्हणजे बघा, एकीकडे नऊ वार, दुसरीकडे काहीच नाही. पण दोन्ही घाट एकाच गोष्टीवर चालतात, नजरेच्या शिस्तीवर.

आता आपल्याकडे या. लेडीज हॉस्टेलच्या मेसच्या दारावर नोटीस आहे, शॉर्ट्स आणि स्लीव्हलेस घालून येऊ नये. गेल्या वर्षी गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या मुलीचा कोणीतरी समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढला. फोन कोणाचा होता ते आजपर्यंत कळलं नाही. आमच्या गॅलरीला मात्र आठ दिवसांत हिरवी जाळी लागली. व्हिडिओ काढणारा मोकळा, आणि जाळीत आम्ही. त्या मुलीने उरलेलं सेमिस्टर कपडे खोलीतच पंख्याखाली वाळवले.

मैत्रीण म्हणते, "अगं, ते जर्मन. आपल्याकडची मुलं सुधारणार नाहीत." मला हे पटत नाही. आपलाच मुलगा तिथे अर्ध्या तासात सुधारला होता! त्याला कोणी लेक्चर दिलं नव्हतं. आजूबाजूचं कोणीच बघत नव्हतं, म्हणून त्यालाही बघायची लाज वाटली, एवढंच.

कॉलेजमागच्या तलावावर असं काही सुरू करा असं मी म्हणत नाहीये, सरांनी घाबरू नये! आणि मला स्वतःला तरी ते जमेल का, माहीत नाही. त्या काठावर मला आवडलं ते कपडे नसणं नव्हे. मला विचारलं गेलं, आणि माझं उत्तर काहीही असतं तरी चाललं असतं, ते आवडलं. तिथे कपडे हा ऐच्छिक विषय होता आणि सभ्यपणा कंपल्सरी. आपण नेमकं उलटं करून ठेवलंय.

म्हणून रेक्टर मॅडमना आणि बॉईज हॉस्टेलच्या सरांना एकच विनंती. मेसची नोटीस राहू दे हवं तर. पण दोन्ही हॉस्टेलच्या दारांवर तिच्याखाली आणखी एक ओळ लिहा. कोणाकडे टक लावून बघू नये, न विचारता फोटो काढू नये, आणि तक्रार आली तर आधी बघणाऱ्याला बोलावलं जाईल.

जाळीचं नंतर बघू.

– तृतीय वर्ष, सिव्हिल