गटारावरची वाफ

हिवाळ्यात पहाटे पहिल्या पाळीला सायकलने निघालो की कारखान्यांमागच्या गटारावर वाफ तरंगताना दिसायची. आमच्या नावड्याहून तळोजा एमआयडीसी म्हणजे अंगणातच. बरोबरची पोरं म्हणायची, धुकं पडलंय. मी बॉयलर अटेंडंट. मला त्या वाफेत कोळसा दिसायचा. खाणीतून काढलेला, ट्रकने आणलेला, भट्टीत जाळलेला आणि आता कासाडी नदीच्या वाटेला लागलेला.

ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यातली भटकी कुत्री निळी झाली आणि आमची नदी जगभरच्या बातम्यांत गेली. रंगाचा एक कारखाना बंदही झाला. ते व्हायलाच हवं होतं. पण उष्णतेला रंग नसतो, म्हणून तिची बातमी होत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. निवट्या आणि चिंबोऱ्या ज्या खाडीतून आमच्या ताटात यायच्या, तिला रसायनांसोबत हाही भार सोसावा लागतो.

वाफ ड्रायरमध्ये किंवा रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये आपली उष्णता देते आणि तिचं पाणी होतं. त्याला आम्ही कंडेन्सेट म्हणतो. बॉयलरने वाफेत घातलेल्या उष्णतेचा जवळजवळ पाव भाग या पाण्यात उरलेला असतो. शिवाय ते स्वच्छ, क्षार नसलेलं. हे पाणी गटारात सोडून नळाचं थंड पाणी पुन्हा तापवणं म्हणजे चुलीवरचं आधण ओतून देऊन नव्याने हंडा चढवणं. घरात कुठलीही बाई हे करणार नाही. कारखान्यात ते वर्षानुवर्षं चालतं.

आमच्याकडेही चालायचं. कंडेन्सेटची परतीची लाइन सडली होती आणि बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टँकचं पाणी 40 अंशांच्या वर जात नव्हतं. मग मेंटेनन्सला एक नवे साहेब आले. त्यांनी पाइप बदलला, त्यावर लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टण, चढवलं आणि टँक लोखंडी घोडीवर उंच बसवला, कारण गरम पाणी उंचावरून आलं नाही तर पंप ते ओढत नाही. टँक 85 अंशांवर गेला. फीडचं पाणी 6 अंशांनी तापलं की इंधन साधारण 1 टक्क्याने वाचतं, हा आमच्या धंद्यातला जुना हिशेब. म्हणजे 100 किलो कोळशामागे 7 किलो कमी, आणि किलोमागे निघणारा दीड-दोन किलो कार्बन डायऑक्साइडही त्याच प्रमाणात कमी. फावडं माझ्या हातात होतं. खांद्यांना हे आधी कळलं, स्टोअरच्या वहीला नंतर.

बॉयलरचा 1923 चा कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला. त्याचाही जीव सुरक्षिततेत आहे, आणि ते योग्यच आहे. बॉयलर फुटला तर काय होतं याची धास्ती मी रोज उशाशी घेऊन झोपलोय. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदाही आहे, पण त्याची खरी पकड मोठ्या सिमेंट-पोलाद कारखान्यांवर. ताशी दोन-तीन टन वाफेच्या छोट्या बॉयलरला एक टन वाफेला किती कोळसा लागला, हे विचारायला कुणी येत नाही. माझ्या लॉगबुकात फीडच्या तापमानाचा रकाना होता. दर तासाला मी तो भरला. तो वाचणारा माणूस मात्र त्या एका साहेबांखेरीज भेटला नाही.

वार्षिक तपासणीला बाष्पके संचालनालयाचे अधिकारी येतातच. सेफ्टी व्हॉल्व्हसोबत त्यांनी तीन आकडे लिहून न्यावेत: टनाला लागलेलं इंधन, फीडचं तापमान, चिमणीतल्या धुराचं तापमान. छोट्या कारखानदाराला पाइप आणि लॅगिंगसाठी स्वस्त कर्ज द्यावं, कारण तो पैसा त्याला इंधनातून परत मिळतो. आणि हे आकडे गेटवरच्या फळ्यावर लावावेत. चिमणीसमोर 300 अंश लिहिलेलं दिसलं, तर नावड्यातला कुठलाही म्हातारा अटेंडंट रस्त्यावरूनच सांगेल की आत नळ्यांवर काजळी साचलीय, ब्रश मारा.